अग्निवर्ग, क्रेनवर्ग आणि संकीर्ण

३ नोव्हेंबर, सोमवार

खुर्चीबद्दलची माझी तक्रार आज लेखी नोंदवून ठेवतो, कारण तोंडी तक्रारीची या घरात दखल घेतली जात नाही. ही खुर्ची चतुष्पाद आहे, असं तिच्या निर्मात्रीचं म्हणणं. प्रत्यक्षात ती तीनच पायांवर उभी राहते, आणि कोणत्या तीन, हे दर वेळी नव्याने ठरवते. शब्द अडला की डावीकडे कलते, सापडला की उजवीकडे. योगशास्त्रात आसनाला एवढा मान ज्यांनी दिला, ते लोखंडी खुर्चीवर बसलेले नसावेत.

निर्मात्री म्हणजे आमची कन्या रुची. वेल्डिंगच्या प्रशिक्षणात तिने ही स्वतः जोडली. उर्वशी (माझी पत्नी, आणि या घरातलं उच्च न्यायालय) म्हणाली, "पायाखाली पुठ्ठा लावा जी, संपला विषय." मी लावला नाही. माणसाला तक्रार करायला काही असावं.

आता दुसरी बातमी. बालाघाट रोडवर प्रशिक्षण केंद्र चालवणारे चंद्रकुमार सकाळी घरी आले. त्यांची वेल्डर-फिटरची एक बॅच फेब्रुवारीत रशियात जायची आहे, उरल पर्वताकडच्या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात. पोरांना हत्यारांची नावं इंग्रजीत ठाऊक आहेत, जशी गोंदियात सगळ्यांना असतात. कारखाना बोलतो रशियन. तेव्हा मधे एक इंग्रजी-रशियन शब्दसंग्रह पाहिजे, आणि जिल्ह्यात रशियनची पदविका असलेला माणूस एकच.

तो मी. नागपुरात संस्कृत एम.ए. करताना संध्याकाळी रशियनचा वर्ग लावला होता. संस्कृतच्या आठ विभक्त्या पचवलेल्याला रशियनच्या सहा म्हणजे सवलतच वाटली. पुढे पोटासाठी नागपूरच्या एका दैनिकाचा गोंदिया वार्ताहर झालो. धानखरेदी, वीज आणि हिवाळ्यात पारा किती उतरला, या तिन्ही विषयांना रशियन लागत नाही.

"भाईसाब, छोटासा काम है," चंद्रकुमार म्हणाले. "महिनाभरात आटपून जाईल."

मी हो म्हटलं. संध्याकाळी रुचीने ताटावर बसताना सांगितलं, "बाबा, त्या बॅचमधे माझं पण नाव लागलं."

"अभिनंदन," मी म्हटलं आणि वरणात मीठ घातलं. वरणात मीठ होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मराठी रकाना आज निवर्तला.

मागितला नसताना मी तिसरा रकाना आखला होता. वेल्डिंगच्या रॉडला 'संधानशलाका', ग्राइंडरला 'घर्षणचक्र', सेफ्टी शूजला 'रक्षापादुका'. केंद्राच्या कार्यशाळेत वेल्डिंगचे मास्तर देवानंद मेश्राम यांना कागद दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला.

"गुरुजी, हे काय होय?"

"वेल्डिंग रॉड."

"असं काय." थोडा विचार केला त्यांनी. "हे सांगून पोट्टा दुकानात गेला ना, तं दुकानदार त्याले अगरबत्तीचा पुडा देईन."

"आणि रक्षापादुका?"

"थे तं देवळातच ठेवा लागन."

दोनच रकाने राहिले. शब्दांच्या क्रमावरून मात्र मी हटलो नाही. चंद्रकुमारांना ए टू झेड हवं होतं. मी म्हटलं, आपल्या जुन्या कोशकारांनी शब्द वर्णांप्रमाणे नाही, वर्गांप्रमाणे मांडले. भट्टीपुढच्या माणसाला भट्टीचं सगळं एका जागी मिळावं. म्हणून अग्निवर्ग, जलवर्ग, लोहवर्ग, क्रेनवर्ग. चंद्रकुमार म्हणाले, "वर्ग करा, खर्ग करा, बस टाइम पे दो."

अग्निवर्गाने आज मन प्रसन्न केलं. आगीला रशियनमधे 'अगोन', धुराला 'दिम'. आपले अग्नी आणि धूमच ते, थोडे गारठलेले. दोन हजार कोसांवरचा कारखाना एकदम चुलत घराण्यातला वाटू लागला.

उर्वशी विचारत होती, "तिकडे लढाई चालू आहे ना जी?" चालू आहे. मी करारनामा, व्हिसाचा प्रकार, कारखान्याचा पत्ता हे सगळं तीन ठिकाणी विचारून तपासलं आहे, तिथे आधीच काम करत असलेल्या भंडाऱ्याच्या एका फिटरशीही बोललो. सगळं खरं निघालं. वार्ताहराचा धंदा घरच्या कामी पहिल्यांदाच आला, आणि त्यातून एकही खोट सापडली नाही याचं वार्ताहराला वाईट वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मधले दिवस बोदलकसा तलावाच्या बातमीत गेले. मासेमारांचं म्हणणं एक, खात्याचं दुसरं, माशांचं कोणी विचारलं नाही.

शब्दसंग्रह वाढतो आहे. लोहवर्गात हातमोजे आले. हातमोज्यांवरून ओघाने पायमोजे आले. पायमोजे आले की थंडी आली, थंडीमागून ताप, तापामागून औषधाचं दुकान. अशा शास्त्रशुद्ध क्रमाने एक संकीर्णवर्ग तयार होतो आहे. चंद्रकुमारांना मी आणखी पंधरा दिवस मागितले. कामाचा दर्जा राखायचा तर घाई करता येत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आज कृतार्थ वाटतं आहे.

शब्द छापून देण्याने पोरांना येणार नाहीत, हे मला आधीच कळलं होतं. आम्हाला पाठशाळेत कोश तोंडपाठ करून दिला जाई, श्लोकात. चाळीस वर्षं झाली, अजून अर्ध्या झोपेत म्हणता येतो. म्हणून मी क्रेनवर्गाचे अनुष्टुभ रचले. क्रेनवाल्यांच्या रशियन भाषेत 'वीरा' म्हणजे वर घे, 'मायना' म्हणजे खाली सोड, 'व्लेवा' डावीकडे, 'स्तोय' थांब:

अप वीरा च वै प्रोक्तं, डाउन मायना तथा ।
लेफ्ट व्लेवा च वै ज्ञेयं, स्टॉप स्तोय हि सर्वदा ॥

अक्षरसंख्या बिनचूक आहे, हे नम्रपणे नोंदवतो. वृत्त भरायला मधे 'च', 'वै', 'हि' घालावे लागले. थोरामोठ्यांनीही घातले आहेत.

आठवडाभर वर्गावर म्हणवून घेतलं. आज सगळ्या बॅचने एका सुरात म्हटलं तेव्हा कार्यशाळेचे पत्रे घुमले. सडक अर्जुनीचा रिंकू, ज्याच्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान आहे, तो तर टाळ्या वाजवत म्हणतो. देवानंद मास्तर बाजूला उभे होते.

"कसं काय मास्तर?"

"मस्त वाटून राहिलं. आता परसाद वाटा."

११ डिसेंबर, गुरुवार

लिहायला नको वाटतं आहे, पण दैनंदिनीत सोयीचे दिवस तेवढे लिहायचे तर तिला जाहिरात म्हणावं लागेल.

कारखान्याच्या सुरक्षा अभियंता गालिना पेत्रोव्ना यांनी आज व्हिडिओवरून बॅचची चाचणी घेतली. साठीच्या बाई, जाड चष्मा, मागे खिडकीत कुंड्या आणि कुंड्यांच्या मागे नुसता पांढरा बर्फ. कार्यशाळेत चेन-पुलीला लोखंडी पत्रा टांगला होता. साखळी रिंकूच्या हातात, पत्र्याला हाताने दिशा द्यायला रुची, खाली लाकडी ओंडका. बाई तिकडून आज्ञा देणार, पोरं इकडे पाळणार.

"वीरा," बाई म्हणाल्या.

"च वै प्रोक्तं!" बॅच गरजली. पत्रा वर गेला.

बाईंनी चष्मा सारखा केला. "मायना."

"तथा!"

"हे 'तथा' म्हणजे काय?" बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, छंदासाठी आहे. बाईंनी मान डोलावली, त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसूही आलं. पत्रा खाली येत होता. मग त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, "स्तोय!"

रिंकू थांबला नाही. त्याचे ओठ हलायला लागले. अप वीरा च वै प्रोक्तं, डाउन मायना तथा... पोरगा 'स्तोय'पर्यंत पोचायला श्लोकाच्या सुरुवातीपासून निघाला होता. हात साखळी सोडतच होते. पत्रा ओंडक्यावर टेकायला आला, रुचीचा हात पत्र्याच्या कडेला.

"अबे थांब ना बे!" रुची ओरडली.

रिंकू जागच्या जागी थांबला.

गालिना पेत्रोव्ना मला उद्देशून सावकाश बोलल्या, मला समजावं म्हणून. म्हणाल्या, कविता चांगली आहे. पण आमच्याकडे पत्रा कविता संपायची वाट बघत नाही. या बॅचला मी अशी घेऊ शकत नाही. एक महिना देते. महिन्याने हेच झालं, तर दुसरीकडची माणसं घेऊ.

मी हे भाषांतर करून सांगितलं. चुकीचं एक अक्षरही केलं नाही. पहिल्यांदाच त्यात 'च' आणि 'वै' नव्हते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल फार चांगली झोप लागली. कित्येक आठवड्यांत अशी लागली नव्हती. थंडीचा गुण असावा. पारा नऊवर आहे.

सकाळी बाजारातून सिंघाडे आणले, अंगणातल्या पेरूला आळं केलं. उर्वशी म्हणाली, "शीळ वाजवून राहिले तुम्ही."

"वाजवू नये का?"

"वाजवा ना. पण काल तुमच्यापायी सगळी बॅच नापास झाली म्हणून म्हटलं."

काव्य फसलं याचं मला दुःख आहेच. पण दुःखाला पचनाशी काही देणंघेणं नसावं, भूकही उत्तम लागली.

१४ डिसेंबर, रविवार

रुची खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. म्हणजे काहीतरी बोलायचं आहे.

"बाबा, तुम्हाला बरं वाटलं ना?"

"कशाचं?"

"आम्ही अटकलो त्याचं."

मी म्हटलं, बेटा, अशा प्रसंगाला एक सुभाषित आहे.

"सुभाषित नको. सगळ्या पोरांच्या घरी तयारी सुरू आहे. रिंकूने दोन दिवसांपासून वर्गात तोंड उघडलं नाही, त्याला वाटते त्याच्यामुळे झालं. तुमचा श्लोक होता. उद्या तुम्ही वर्गावर या."

"येतो की."

"मनापासून या."

आणि गेली. अलीकडे तिचं बोलणं फार रोखठोक झालं आहे. वेल्डिंगच्या धुराचा परिणाम असेल. मी बराच वेळ संकीर्णवर्ग पुढे घेऊन बसलो, एकही शब्द घातला नाही.

मग पाठशाळेची आठवण आली. वेदपाठ शिकवताना गुरुजी आमची मनगटं धरून बसत. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. हात चुकला तर तोंड बरोबर असूनही चापट. त्यांचं म्हणणं, तोंड विसरेल, हात विसरत नाही. मी त्या विद्येतला अर्धा भाग घेऊन पोरांना दिला होता, तोंडाचा. आणि तोही रांगेत बांधून, की पुढच्याला आधीच्यावाचून जागचं हलता येऊ नये.

१५ डिसेंबर, सोमवार

श्लोक मोडला. फळ्यावरून पुसताना हात जड झाला होता, हे कबूल करतो, पण वृत्तापेक्षा बोटं महाग.

पहिली गोष्ट, रिंकूला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू बरोबर म्हणत होतास. मी चुकीचं शिकवलं होतं." तो खाली बघत म्हणाला, "सर, थोडं थोडं तर माझं पण चुकलं." तेवढ्याने वर्ग हसला आणि गाडी पुढे गेली.

आता शब्द आणि हात एकत्र. 'वीरा', हात वर. 'मायना', हात खाली. 'स्तोय', दोन्ही तळवे पुढे, आणि जे हातात असेल ते जिथल्या तिथे. क्रम नाही. मी कोणताही शब्द कुठूनही टाकतो. देवानंद मास्तर मला न सांगता मागून टाकतात, तेव्हा मीच दचकून हात वर करतो.

२२ डिसेंबर, सोमवार

हे खूळ आता घरात आलं आहे. रुची जेवताना मधेच "स्तोय!" म्हणते आणि माझा घास हवेत राहतो. उर्वशीचा पळा कढईवर. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या, त्यांना आमच्या घरात काहीतरी व्रत चालू आहे असं वाटलं.

उर्वशीला एकूण शब्द बरे येतात. आज मी तिसरा चमचा साखर घेताना तिनेच म्हटलं, "स्तोय." आणि माझा हात थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मराठीत हे कधी जमलं नव्हतं.

२७ डिसेंबर, शनिवार

चंद्रकुमारांनी पूर्ण संग्रह वाचला, आणि कपाळाला हात लावला.

"भाईसाब, बाकी फर्स्ट क्लास. पर ये आखरीवाला क्या है? 'गरम पाणी मिळेल का.' 'रजई.' 'माझे पाय बधिर झाले आहेत.' 'मला घरी फोन करायचा आहे.' 'मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.' हे इंडस्ट्रियल आहे का?"

मी म्हटलं, ज्याचे पाय बधिर झाले तो वेल्डिंग कसं करील?

"आणि 'हा माझा फोटो नाही, माझ्या आईचा आहे'?"

ते वाक्य मात्र मी काढू दिलं नाही. ते म्हणाले, गालिना मॅडमला पाठवतो, त्या म्हणतील तसं. मी म्हटलं, आधी अजून आठवडाभर द्या, हिवाळी तापाचे तीन प्रकार बाकी आहेत. ते आवाज उतरवून म्हणाले, "किताब रोकने से फ्लाइट नहीं रुकती, भाईसाब."

मला हे काही कळलं नाही. मी उड्डाणाबद्दल बोलतच नव्हतो. पण दुपारी कागद त्यांच्या हवाली केले.

९ जानेवारी, शुक्रवार

पास.

सगळी बॅच. गालिना पेत्रोव्नांनी या वेळी दयामाया केली नाही. 'मायना' म्हणता म्हणता दुसऱ्याच कोणाशी बोलायचं सोंग केलं आणि मान न वळवता "स्तोय" टाकलं. रिंकूची साखळी जागच्या जागी. पत्रा ओंडक्याच्या वर लोंबकळत राहिला, रुचीने त्याला एका बोटाने स्थिर केलं. माझे दोन्ही तळवे पुढे होते, चंद्रकुमारांचे होते, आणि दारात चहा घेऊन आलेल्या माणसाचा ट्रे कार्यशाळेच्या फरशीवर होता, कारण तो इतके दिवस ऐकत होता आणि त्याने दोन्ही तळवे पुढे केले होते. गालिना पेत्रोव्ना मनापासून हसल्या. तिकडच्या खिडकीतला बर्फ आजही तसाच होता.

शेवटी त्यांनी मला थांबवून घेतलं. संकीर्णवर्ग वाचला होता. मला वाटलं, काढायला सांगतील. त्या म्हणाल्या, तुमचा रजईसाठीचा शब्द पुस्तकातला आहे, असं कोणी बोलत नाही. त्यांनी बरोबर शब्द दिला. मग लोकर दाबून केलेल्या जाड बुटांचा शब्द दिला, 'वालेंकी', तो माझ्याकडे नव्हताच. मग स्वतःचा फोन नंबर दिला आणि म्हणाल्या, हाही त्याच वर्गात छापा. शेवटी विचारलं, "हा भाग तुम्ही कोणासाठी लिहिलात?"

मी म्हटलं, सर्वांसाठी.

"हो," त्या म्हणाल्या. "पत्र्याजवळ उभी असते तीही त्या सर्वांतच, नाही का?"

मी त्याचं कोणासाठी भाषांतर केलं नाही.

घरी येताना फुलचूरच्या नाक्यावर रुचीने गाडी थांबवून जिलेबी घेतली. मागे बसून मी पुडा धरला होता. ती वाऱ्यात मोठ्याने काहीतरी गात होती, आणि मला इतका आनंद झाला होता की मी सुराबद्दल काही बोललो नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक छापून आलं. खिशात मावतं. ए टू झेड नाही. पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. घरात एक निळी बॅग उघडी पडली आहे, तिच्यात उर्वशी काहीतरी घालते आणि रुची ते बाहेर काढते. सध्या वाद चिवड्यावर आहे.

चंद्रकुमारांकडे पुढच्या बॅचची नावं सुरू झाली आहेत, आणि शिकवायला त्यांनी मलाच बोलावलं आहे. रिंकूचे वडील सडक अर्जुनीहून भेटायला आले, म्हणाले, पोरगा झोपेत हात वर करते. मी म्हटलं, उत्तम लक्षण आहे.

आज जेवताना रुची डाव्या हाताने चमचा धरून खात होती. मी विचारलं, तर म्हणाली, "असंच." उर्वशीने बाही वर केली. मनगटाच्या वर रुपयाएवढं भाजलेलं, दोन-तीन दिवसांपूर्वीचं, जखम सुकत आलेली. "काही नाही आई, ठिणगी होती. बरं झालं ते." आणि पुन्हा भात खायला लागली.

मला वाटायचं, मला थंडीची काळजी आहे. लढाईची नाही असं म्हणणार नाही. पण ते सगळं तपासून झालं आहे, बूट घेतले आहेत, गालिना पेत्रोव्ना तिथे आहेत, आणि पोरगी तिच्या कामात चांगली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती जाईल आणि तिचं बरं होईल, असं मला खरंच वाटतं.

संकीर्णवर्गात 'भाजलं', 'दुखतं आहे', 'मला बरं वाटत नाही', 'मदत करा' हे सगळं मी घातलं आहे. तिला ते पाठ आहे, उच्चारही माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझी खरी काळजी एवढीच आहे, की ती ते म्हणणार नाही. दुखतं आहे, हे आमच्या रुचीने आम्हाला मराठीतही कधी सांगितलेलं नाही.